ऊन, ड जीवनसत्त्व आणि अंडाशय
एका प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास

अकोल्याहून वाशीमकडे निघाले की वाटेत डोंगराच्या पायथ्याशी पातूर लागते. कोरीव लेण्यांचे हे गाव जुन्या कागदपत्रांत शेख बाबूंच्या दर्ग्यावरून 'पातूर शेख बाबू' या नावाने ओळखले जाई. काही काळापूर्वी तेथे विज्ञान शिक्षकांच्या एका मेळाव्यात बोलण्याचा योग आला. कार्यक्रम संपल्यावर एक शिक्षिका थांबल्या. त्यांच्या दहावीच्या वर्गातील एका मुलीची पाळी अनियमित होती. घरच्यांनी तिला तपासून आणले होते आणि तपासणीच्या कागदावर दोन गोष्टी होत्या : 'पीसीओएस' आणि 'ड जीवनसत्त्व कमी'. मुलीची आई हा कागद घेऊन शाळेत आली होती. तिने बाईंना विचारले होते, "मॅडम, आपल्या इकडं त ऊनच ऊन आहे. मंग पोरीच्या अंगात ते कमी काहून? अन् त्याच्यानंच पाळी बिघडली काय?"

आम्ही त्या वेळी घाईत होतो. "हो, दोन्हींचा संबंध आढळला आहे," एवढे सांगून गाडीत बसलो. परतीच्या वाटेवर लक्षात आले, की आईने दोन वेगळे प्रश्न विचारले होते आणि आम्ही दिलेले उत्तर त्यांपैकी एकाचेही नव्हते. 'संबंध आढळला' आणि 'त्याच्यामुळे झाले' यांतले अंतर आम्ही रोज प्रयोगशाळेत मोजतो, आणि नेमके तेच गिळून बसलो होतो. हा लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल, कारण 'हा रोग उन्हाअभावी होतो का?' हा प्रश्न वैद्यकाने एकदा विचारून तडीस नेलेला आहे. तो कसा नेला हे पाहिले, म्हणजे आजचा प्रश्न कुठे अडला आहे हेही दिसते.

मुडदूस : दोन तट

लहान मुलांची हाडे मऊ राहतात, पाय धनुकलीसारखे वाकतात, मनगटे जाड होतात, टाळू भरत नाही. या रोगाला आपल्याकडे मुडदूस म्हणतात. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस ग्लिसन यांनी त्यावर १६५० साली ग्रंथ लिहिला. पुढे कारखान्यांची शहरे वाढली, अरुंद गल्ल्यांवर कोळशाचा धूर साचला आणि हा रोग युरोपात घरोघर दिसू लागला.

१८२२ मध्ये पोलंडच्या येंद्झेय स्न्यादेत्स्की यांनी एक साधी गोष्ट नोंदवली : वॉर्सा शहरातील मुलांत मुडदूस फार आणि आसपासच्या खेड्यांत तो क्वचितच. १८९० मध्ये थिओबाल्ड पाम या इंग्रज डॉक्टरने हेच मोठ्या पटावर मांडले. ते जपानमध्ये मिशनरी म्हणून राहिले होते. तेथे मुडदूस न दिसल्याने त्यांना नवल वाटले. त्यांनी चीन, जपान, भारत अशा देशांतील डॉक्टरांकडून माहिती मागवली. जिथे ऊन भरपूर तिथे मुडदूस कमी, असे चित्र निघाले आणि त्यांनी लहान मुलांना पद्धतशीरपणे ऊन द्यावे असे सुचवले. फार कोणी लक्ष दिले नाही. ऊन अंगावर पडल्याने आतले हाड कसे घट्ट होईल, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दोन तट पडले. ग्लासगोचे लेनर्ड फिंडले व त्यांचे सहकारी म्हणत, की कोंदट घर, मोकळ्या हवेचा आणि हालचालीचा अभाव हे कारण. लंडनचे एडवर्ड मेलनबी म्हणत, की कारण अन्नात आहे. मेलनबींनी कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून ओटच्या लापशीसारख्या अन्नावर वाढवली. त्यांना मुडदूस झाला. कॉड माशाच्या यकृताचे तेल दिल्यावर तो टळला. १९१९ च्या सुमारास त्यांनी हे जाहीर केले. त्याच सुमारास बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचे अतिनील किरण सोडले. क्ष-किरण चित्रांत हाडे भरून आलेली दिसली. एका हातावरच किरण सोडले, तरी दुसऱ्या हाताचे हाडही सुधारले. म्हणजे त्वचेत काहीतरी तयार होते आणि ते रक्तातून सर्वत्र जाते, असे मानणे भाग होते.

एकीकडे तेल आणि दुसरीकडे ऊन. दोन्ही बाजूंकडे पुरावा होता.

नाशिकची पाहणी

या वादात एक महत्त्वाची साक्ष महाराष्ट्रातून गेली, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत सहसा सापडत नाही. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक येथे केलेली पाहणी १९२२ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय त्रैमासिकात छापून आली. विषय होता लहानपणी आणि मोठेपणी होणाऱ्या मुडदुसाची कारणे.

नाशिकात ऊन मुबलक होते. अन्न मात्र घराघरांत वेगळे होते. 'अन्नामुळे मुडदूस' हे खरे असेल, तर तो गरिबांच्या घरी जास्त दिसायला हवा. दिसला उलट. खाऊनपिऊन सुखी, पण गोषा पाळणाऱ्या घरांत बाळांना मुडदूस होता. ही घरे मुसलमानांची होती, तशी वरच्या थरातल्या हिंदूंचीही होती. तेथे आई आणि बाळ आतल्या काळोख्या खोल्यांत राहत. ज्या बायका दिवसभर उघड्यावर कष्ट करीत आणि बाळाला सोबत नेत, त्यांच्या मुलांत तो जवळजवळ नव्हता, आणि त्यांचे अन्न तर अगदीच निकृष्ट होते.

यातून एक गोष्ट पक्की झाली. 'गावात ऊन आहे' आणि 'अंगाला ऊन मिळते' ही दोन वेगळी विधाने आहेत. मधे भिंत असते, कपडा असतो, आणि कोणी कधी बाहेर पडायचे याची रीत असते. नाशिकच्या पाहणीत धर्म वेगळे होते, पण रोग भिंतीच्या मागे होता. पातूरच्या आईच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर शंभर वर्षांपूर्वी नाशिकात मिळाले होते.

परंतु ही पाहणी होती, चाचणी नव्हती. गोषातल्या आणि कष्टकरी घरांत उन्हाखेरीज इतरही शंभर फरक असणार. निकाल लागला तो व्हिएन्नात. पहिल्या महायुद्धानंतर उपासमारीने गांजलेल्या त्या शहरात हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकारी स्त्री-शास्त्रज्ञांनी १९१९ ते १९२२ या काळात बालरुग्णालयातील तान्ह्या मुलांवर काटेकोर तुलना केली. एका गटाला नेहमीचे अन्न, दुसऱ्याला त्याबरोबर माशाचे तेल. हिवाळ्यात पहिल्या गटातील मुलांना मुडदूस झाला, दुसऱ्या गटातील वाचली. उन्हाळ्यात, मुले उघड्यावर असताना, कोणत्याच गटात नवा मुडदूस दिसला नाही. झालेला मुडदूस तेलाने बरा झाला, उन्हाने बरा झाला आणि दिव्यानेही. दोन्ही तट बरोबर होते, कारण तेलात जे होते तेच ऊन त्वचेत तयार करीत होते.

अमेरिकेत एल्मर मॅक्कॉलम यांनी तेल तापवून त्यात हवा खेळवली. त्यातले अ जीवनसत्त्व नष्ट झाले, तरी तेलाचा मुडदुसावरचा गुण कायम राहिला. म्हणजे तो घटक वेगळा होता. अ, ब, क ही नावे देऊन झाली होती, म्हणून १९२२ मध्ये याला 'ड' म्हटले गेले. (आपल्या वर्णमालेत क नंतर ख येतो. मुलांनी विचारले, तर हे अनुक्रम इंग्रजी अक्षरांचे आहेत असे सांगावे.) या प्रकारच्या रसायनांवरील कामासाठी आडोल्फ विंडाउस यांना १९२८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे थोडे थांबून क्रम लक्षात घेऊ. आधी पाहणी : उन्हाविना रोग जास्त. मग यंत्रणा : त्वचेत तयार होणारा, रक्तातून जाणारा पदार्थ. शेवटी चाचणी : पदार्थ दिला तर रोग टळतो, न दिला तर होतो. तिन्ही पायऱ्या झाल्यावरच 'उन्हाअभावी मुडदूस' हे वाक्य ठामपणे लिहिता आले.

हाडांच्या वाटेने बाळंतपण

ड जीवनसत्त्वाचा स्त्रीच्या प्रजननाशी संबंध तेव्हाही माहीत होता, पण तो हाडांच्या वाटेने. मोठ्या माणसांची हाडे मऊ पडणे म्हणजे अस्थिमृदुता. कमरेचे हाड मऊ होऊन दबले, तर जन्ममार्ग अरुंद होतो आणि बाळंतपण अडते. काश्मीरमध्ये काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ मध्ये पडदा आणि मातृत्व यांविषयी पुस्तक लिहिले. पाण्यावर, उघड्यावर राहणाऱ्या नावाड्यांच्या बायकांची बाळंतपणे सुलभ होत आणि शहरातल्या बंद घरांतील स्त्रियांची हाडे वाकून जीव धोक्यात येत, असे त्यांनी दाखवले. वारंवार बाळंतपण आणि अंगावर पाजणे यांत शरीरातला चुना झिजे, आणि घराबाहेर पडणे नसल्याने तो भरून येत नसे.

अंडाशयाचा मात्र या सगळ्याशी काही संबंध असेल, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नव्हते. ते मनात येण्यासाठी ड जीवनसत्त्वाची ओळखच बदलावी लागली.

जीवनसत्त्व की संप्रेरक?

१९७० च्या आसपासच्या काही वर्षांत कळले, की त्वचेत तयार झालेले ड जीवनसत्त्व जसेच्या तसे काम करीत नाही. यकृतात त्याला एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी चिकटते. रक्ततपासणीत मोजतात ते हे रूप. मग मूत्रपिंडात दुसरी जोडी चिकटते आणि कामाचे रूप तयार होते. मूत्रपिंडाची ही भूमिका केंब्रिजमधील फ्रेझर आणि कोडिसेक यांनी १९७० मध्ये दाखवली. एका अवयवात तयार होऊन रक्तातून दूरच्या अवयवाला निरोप देणाऱ्या पदार्थाला आपण संप्रेरक म्हणतो. म्हणजे 'ड' हे नावापुरते जीवनसत्त्व आणि कामाने संप्रेरक ठरले.

संप्रेरकाचा निरोप घेण्यासाठी पेशीत ग्राही रेणू लागतो, कुलपाला किल्ली लागते तसा. ड चे ग्राही आधी आतड्यात सापडले, आणि ते अपेक्षित होते, कारण तेथेच कॅल्शियम शोषले जाते. पण पुढे ते स्वादुपिंडात, त्वचेत, आणि १९८० च्या दशकात अंडाशयातही सापडले. १९८० मध्ये हॅलोरन आणि डिलुका यांनी ड जीवनसत्त्व न दिलेल्या उंदीरमाद्या पाहिल्या. त्यांची गर्भ धरण्याची क्षमता बरीच घटली होती आणि पिल्लेही कमी होत होती. पुढे ड चा ग्राहीच नसलेले उंदीर तयार करण्यात आले. त्यांच्या माद्यांत अंडपेशींची वाढ नीट होत नव्हती. मात्र अशा उंदरांना भरपूर कॅल्शियम दिले, तर बिघाड बराचसा सुधारत होता. म्हणजे ड चा काही परिणाम थेट अंडाशयावर नसून कॅल्शियमच्या मार्फत असावा.

अडकलेल्या अंडपेशी

आता दुसरा धागा घेऊ. पाडुआचे आंतोनियो वालिस्नेरी यांनी १७२१ मध्ये मूल न झालेल्या एका जाडसर तरुण शेतकरी स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले : मोठी, पांढरी, चकचकीत, कबुतराच्या अंड्याएवढी. १९३५ मध्ये शिकागोच्या अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेंथल यांनी अशा अंडाशयांच्या सात स्त्रियांची माहिती छापली. पाळी नाही किंवा क्वचित, काहींना चेहऱ्यावर केस. त्यांनी अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापून काढला. सातही जणींची पाळी सुरू झाली आणि दोघींना दिवस गेले.

'पॉलिसिस्टिक' म्हणजे अनेक गाठींचे. हे नावच फसवे आहे. सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारखे दिसते ते गाठी नसतात. दर महिन्याला अंडाशयात अंडपेशी असलेल्या अनेक लहान पिशव्या वाढू लागतात, त्यांतील एक पुरी वाढून फुटते आणि अंडपेशी बाहेर पडते. या विकारात वाढ मध्येच थांबते आणि अर्धवट वाढलेल्या पिशव्या तशाच राहतात. त्याच्या मागे पुरुषी संप्रेरकांचे वाढलेले प्रमाण असते, आणि पुष्कळ स्त्रियांत इन्सुलिनला शरीराने नीट दाद न देणे असते. हा इन्सुलिनचा दुवा १९८० मध्ये पुढे आला. शरीर दाद देत नाही म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडते आणि ते जास्तीचे इन्सुलिन अंडाशयाला पुरुषी संप्रेरके अधिक बनवायला लावते. म्हणजे आजार अंडाशयापुरता नाही, साऱ्या शरीराच्या चयापचयाचा आहे.

निदानाची मोजपट्टीही एकच नाही. २००३ मध्ये रॉटरडॅम येथे ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी कोणतीही दोन लक्षणे पुरतात : अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक, सोनोग्राफीतले चित्र. मुंबईत १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी करून २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या निकषाने २२.५ टक्के मुलींना हा विकार ठरला. पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक आवश्यक मानणारा दुसरा निकष लावला, तेव्हा त्याच मुलींत तो १०.७ टक्के ठरला. मुली त्याच होत्या, केवळ मोजपट्टी बदलली आणि संख्या निम्म्यावर आली.

शाळकरी मुलींबाबत आणखी सावधगिरी हवी. पाळी सुरू झाल्यावरची पहिली दोन-तीन वर्षे ती मागेपुढे होणे स्वाभाविक असते, आणि त्या वयात निरोगी मुलीच्या अंडाशयातही अशा अनेक पिशव्या दिसतात. म्हणून २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सांगितले, की किशोरींमध्ये सोनोग्राफीवरून निदान करू नये. पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरकांचा अतिरेक, दोन्ही असतील तरच करावे.

तेरा स्त्रिया

दोन्ही धागे एकत्र आले ते १९९९ मध्ये. न्यूयॉर्कच्या सुझन थिस-जेकब्स आणि सहकाऱ्यांनी या विकाराच्या तेरा स्त्रियांची रक्ततपासणी केली. ड चे सरासरी प्रमाण मिलिलिटरला ११ नॅनोग्रॅमच्या आसपास निघाले. २० च्या खाली गेले तर सामान्यतः कमतरता मानतात. त्यांना ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दिले. दोन महिन्यांत सात जणींची पाळी नियमित झाली आणि दोघींना दिवस गेले.

हा निष्कर्ष वाचून आशा वाटणे साहजिक आहे. पण शिकागोच्या १९३५ च्या सात स्त्रिया आठवाव्यात. तेथेही पाळी सुरू झाली, तेथेही दोघींना दिवस गेले, आणि तेथे उपाय होता सुरी. दोन्हीकडे एक गोष्ट नव्हती : तुलनेचा गट. उपचार न घेणाऱ्या तशाच स्त्रिया शेजारी नव्हत्या. पाळी काही वेळा आपोआपही सुधारते, डॉक्टरकडे जाऊ लागल्यावर माणूस खाणेपिणेही सांभाळतो. शिवाय न्यूयॉर्कमध्ये दोन औषधे एकदम दिली होती. गुण आला असेल, तर तो ड चा की कॅल्शियमचा? उंदरांचा अनुभव पाहता हा प्रश्न किरकोळ नाही. त्या संशोधकांचा दोष नाही. पहिली वाट पाडणारे काम असेच लहान असते. त्याला उत्तर समजणे ही वाचणाऱ्यांची चूक.

नंतर अनेक देशांत पाहण्या झाल्या आणि या विकाराच्या पुष्कळ स्त्रियांत ड कमी आढळले. पण भारतासारख्या देशात या निष्कर्षाला एक मोठी अडचण आहे. मुंबईत २५ ते ३५ वयाच्या १,१३७ धडधाकट माणसांची तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ७० टक्के जणांत ड २० च्या खाली होते. जिथे दहांतल्या सात निरोगी माणसांत कमतरता आहे, तिथे कोणत्याही आजाराचे रुग्ण तपासले तरी बहुतेकांत ती सापडणारच. पायदुखीचे तपासा किंवा परीक्षेत नापास झालेले तपासा, तेच दिसेल.

आधी काय, मागून काय?

दुसरी अडचण वजनाची. ड जीवनसत्त्व चरबीत विरघळते. २००० मध्ये वॉर्ट्समन, होलिक आणि सहकाऱ्यांनी लठ्ठ आणि सडपातळ माणसांवर सारखेच अतिनील किरण सोडले. लठ्ठ गटात रक्तातील ड ची वाढ ५७ टक्क्यांनी कमी झाली. त्वचेने ते बनवले, पण चरबीने ते ठेवून घेतले. पीसीओएसच्या अनेक मुलींचे वजन जास्त असते. मग ड कमी असणे हे आजाराचे कारण, की वाढलेल्या वजनाची केवळ सावली?

हा गुंता सोडवण्याची एक सुंदर युक्ती जनुकशास्त्राने दिली. वजन वाढण्याकडे कल देणारी आणि ड कमी ठेवणारी अशी वेगवेगळी जनुके माणसांत जन्मतःच वाटली गेलेली असतात. ही वाटणी राहणीमान पाहून होत नाही, जणू निसर्गाने टाकलेली चिठ्ठी. २०१३ मध्ये विमलेश्वरन व सहकाऱ्यांनी हजारो माणसांच्या माहितीवरून दाखवले, की वजन वाढवणारी जनुके असलेल्यांत ड कमी असते, पण ड कमी ठेवणारी जनुके असलेल्यांत वजन वाढलेले दिसत नाही. म्हणजे बाणाची दिशा बहुतांशी वजनाकडून ड कडे आहे.

तिसरी कसोटी चाचणीची. इन्सुलिनच्या वाटेने ड उपयोगी पडेल ही कल्पना मधुमेहाबाबत मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावरील २,४२३ माणसांच्या चाचणीचा निकाल २०१९ मध्ये आला. निम्म्यांना रोज ४,००० एकक ड, निम्म्यांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी. मधुमेह होण्याच्या प्रमाणात ठोस म्हणता येईल असा फरक पडला नाही. पीसीओएसवर झालेल्या चाचण्या बहुतेक लहान आहेत. काहींत इन्सुलिनच्या आकड्यांत किंवा पाळीत थोडी सुधारणा दिसली, काहींत दिसली नाही. आज एवढेच म्हणता येते : कमतरता असेल तर ती भरून काढणे योग्य, पण ड हे या विकाराचे कारण आहे किंवा औषध आहे असे सिद्ध झालेले नाही.

मुडदुसाच्या तीन पायऱ्या आठवा. येथे पाहणी झाली आहे, पण ती गुंत्याची. यंत्रणेच्या खुणा आहेत, पण बऱ्याचशा उंदरांत. व्हिएन्नासारखी निर्णायक चाचणी अजून व्हायची आहे. आम्ही पातूरला 'संबंध आहे' म्हणालो, तेव्हा पहिल्या पायरीवर उभे राहून तिसरीचे बोललो होतो.

पातूरच्या पटांगणात

आता आईच्या पहिल्या प्रश्नाकडे परत येऊ. तो मुलांना मोजूनच पाहू द्यावा. एक मीटर लांबीची काठी पटांगणात सरळ उभी करा. २२ डिसेंबर हा वर्षातला सर्वांत लहान दिवस. त्या दिवशी पातूरला सूर्य माथ्यावर येतो तेव्हा, म्हणजे घड्याळात साडेबाराच्या जरासे आधी, तो क्षितिजापासून सुमारे ४६ अंशांवर असतो आणि काठीची सावली सुमारे ९६ सेंटिमीटर भरते. त्याच दिवशी लंडनमध्ये माध्यान्ही ती पावणेचार मीटरच्या आसपास असते. ड तयार करणारे अतिनील किरण तिरप्या उन्हात हवेच्या जाड थरात शोषले जातात. ढोबळ नियम असा, की आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तेव्हा ड फारसे तयार होत नाही. लंडनला हिवाळ्यात ती कधीच आखूड होत नाही. पातूरला वर्षातल्या प्रत्येक दिवशी निदान माध्यान्ही ती आखूड होते. नाशिकही जवळजवळ याच अक्षांशावर आहे.

मग सावली वेगवेगळ्या तासांना मोजा आणि शेजारी लिहा, की त्या वेळी वर्गातली मुले कुठे असतात आणि मुली कुठे. सकाळचे कोवळे ऊन सुखाचे, पण त्याची सावली लांब असते. सावली आखूड असते तेव्हा शाळा भरलेली असते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन उपयोगी नाही, काच हे किरण अडवते. रस्त्यावर सायकलने किंवा स्कूटीने जाणारी मुलगी, कोणत्याही धर्माची असो, स्कार्फ, हातमोजे आणि लांब बाह्या यांत झाकलेली असते. काळी त्वचा हे किरण सावकाश आत घेते, म्हणून तिला वेळ जास्त लागतो. आणि मे महिन्यात भर दुपारी अकोल्याकडच्या उन्हात उभे राहा असे कोणी शहाणा माणूस सांगणार नाही. भाकरी, वरण, भाजी या आपल्या जेवणात ड जवळजवळ नसतेच, अंड्याच्या बलकात थोडे असते. हा सारा हिशेब मांडला, की 'उनाच्या गावात ते कमी काहून' याचे उत्तर मुले स्वतःच देतील.

या तक्त्यात बहुधा आणखी एक ओळ निघेल. पाचवी-सहावीपर्यंत मुली पटांगणात दिसतात. पाळी सुरू झाली, की हळूहळू कडेला बसतात, आणि मैदान मुलांचे होते. शंभर वर्षांपूर्वीच्या नाशिकमधली भिंत आता मातीची नाही, पण ती आहे. पीसीओएसमध्ये नियमित व्यायामाचा उपयोग ड च्या गोळीपेक्षा कितीतरी अधिक खात्रीने सांगता येतो. इन्सुलिनला शरीर दाद देऊ लागते ती हालचालीने. आठवड्यातून चार दिवस मुलींसाठी राखून ठेवलेले मैदान हा उपाय कोणत्याही चाचणीच्या निकालाची वाट न पाहता करता येईल. त्यात ऊन मिळाले तर ते वरकमाई समजावे.

गोळ्यांबद्दलही एक शब्द. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ठरवलेली रोजची गरज ६०० एकक आहे. औषधाच्या दुकानात मिळणारी पुडी ६०,००० एककांची असते, म्हणजे शंभर दिवसांची गरज एका घोटात. डॉक्टरांनी ठरवलेल्या आठवड्यांपुरती ती योग्य, पण शेजारणीला गुण आला म्हणून महिनोन्‌महिने घेत राहिल्यास रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

त्या बाईंना आम्ही नंतर पत्र लिहिले. आईला सांगण्यासारखे त्यात चारच मुद्दे होते. मुलीचे ड कमी असेल, तर ते हाडांसाठी भरून काढा, डॉक्टर सांगतील तितकेच. पाळी त्यामुळेच बिघडली असे कोणी म्हणू शकत नाही, आणि पुडी घेतल्याने ती सुधारेलच असेही नाही. 'पीसीओएस' हे निदान या वयात घाईने करू नये, म्हणून पाळीच्या तारखा लिहून ठेवा आणि त्या घेऊन पुन्हा डॉक्टरांना भेटा. आणि हा विकार खरोखर निघाला, तरी तो मूल न होण्याचा शिक्का नव्हे. त्यावर उपचार आहेत, आणि या विकाराच्या अनेक स्त्रियांना मुले झालेली आहेत.

बाईंचे उत्तर आले. आईने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "मंग पोरीला खेळू द्यायचं ना?" बाईंनी हो म्हटले होते. या एका उत्तराबाबत तरी पुरावा पुरेसा आहे.